तळटीप १४ : डॉक्टरांचा वंशवृक्ष

१४. 'डॉक्टरांचा वंशवृक्ष' : एमिल झोला (१८४०–१९०२) यांच्या 'रूगों-माकार' या २० कादंबऱ्यांच्या मालेतील (१८७१–१८९३) घराण्याची वंशावळ. मूळ स्त्री आदेलाईद फूक, राहणारी प्लासाँ या कल्पित गावची (एक्स-आँ-प्रोव्हाँसवर बेतलेले). माळी रूगोंशी झालेल्या लग्नातून एक शाखा निघाली, तर चोरटा माल आणणाऱ्या माकारशी ठेवलेल्या संबंधातून दुसरी. तिचा चळ आणि त्याचे दारूचे व्यसन पुढे झिरपत जाते. धोबीण जेर्व्हेझ, तिची मुलगी नाना, खाणकामगार एत्येन हे सारे माकारांकडचे. आनुवंशिकतेची कल्पना झोलांनी डॉ. प्रोस्पेर ल्यूका यांच्या ग्रंथावरून उचलली. आनुवंशिकतेवरचे मेंडेलचे संशोधन तर १९०० पर्यंत अडगळीतच होते. वंशवृक्ष १८७८ साली प्रथम छापला गेला, तेव्हा त्यात जेर्व्हेझचा मुलगा जाक नव्हताच. १८९० च्या कादंबरीसाठी जन्मजात खुनी प्रवृत्तीचा नायक हवा होता, म्हणून तो मागाहून कुटुंबात घुसडला. शास्त्राचा एवढा गाजावाजा करणाऱ्या लेखकाने घेतलेली ही सूट गमतीची आहे. 'डॉक्टर' म्हणजे शेवटच्या कादंबरीतला पास्काल रूगों. त्याने कपाटात जपलेली घराण्याची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर त्याची आई फेलिसिते जाळून टाकते. वंशवृक्ष मात्र बचावतो. – संपा.