लाल विंचूदंश आणि रुग्णशय्येजवळील हृदयनिरीक्षण : सावित्री खोऱ्यातील संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी सावित्री ही पश्चिमेस कोकणात उतरते व पोलादपूर, महाडमार्गे अरबी समुद्रास मिळते. या खोऱ्यात लाल विंचवाचा दंश हे अनेक वर्षे बालकांच्या व शेतकऱ्यांच्या मृत्यूचे एक कारण होते. या मृत्यूंमागे हृदयविकार असल्याचे येथील ग्रामीण रुग्णांच्या निरीक्षणातून कसे स्पष्ट झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
विसाव्या शतकाच्या आरंभी आइनथोव्हेन यांनी हृदयविद्युतालेख, म्हणजे ईसीजी, वैद्यकास उपलब्ध करून दिला. त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक लाभले. मात्र हा आलेख काही क्षणांपुरताच असे. दोन आलेखांच्या मधल्या काळात हृदयाची लय बिघडल्यास ती नजरेतून सुटे. १९६२ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे डॉ. ह्यूज डे यांनी हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू केला आणि खाटेजवळच्या मॉनिटरवर अखंड देखरेखीची पद्धती रुजू लागली.

विंचूदंशाचे संशोधन :
विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी साचते, याची नोंद १९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये झाली होती. परंतु खात्रीशीर उपचार नव्हता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकर यांनी अशा रुग्णांच्या खाटेशेजारी थांबून नाडी, रक्तदाब व श्वसन यांच्या नोंदी ठेवल्या. उलट्या, भरपूर घाम आणि थंड पडलेले हातपाय ही हृदयावरील संकटाची पूर्वसूचना असल्याचे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले.

विषामुळे मज्जातंतू उत्तेजित होऊन ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणावर येतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. ईसीजीमध्ये टोकदार टी-तरंग, एसटी खंडातील बदल व अवेळी पडणारे ठोके दिसू शकतात. हे आकुंचन सोडविणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध उपयुक्त ठरते, हे १९८६ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्येच नोंदविले. त्यांच्या लेखनानुसार मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. पुढे २०११ मध्ये प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे ७० रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आले. २०२२ मध्ये डॉ. बावसकर यांना पद्मश्री देण्यात आली.

समारोप :
मॉनिटर ठोक्यांची गती व लय सतत दाखवितो, अनियमितता आढळल्यास इशाराही देतो. तथापि एसटी व टी-तरंगांतील बदलांची खात्री करण्यासाठी बारा लीडचा पूर्ण आलेख आवश्यक असतो. आणि थंड पडलेला हात, घामाने भिजलेले कपाळ हे कोणत्याही ईसीजीत उमटत नाही. सावित्री खोऱ्यात लक्षणांचा क्रम आधी उलगडला तो रुग्णाजवळ थांबलेल्या वैद्याच्या नजरेला. यंत्र या नजरेस जोड देते, तिची जागा घेत नाही. ग्रामीण आरोग्य केंद्रांना उपकरणे पुरविताना त्यांच्याजवळ प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका रात्रभर उपस्थित राहतील, ही व्यवस्थाही तितकीच अगत्याची आहे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.