जॉर्डनचे ३७, हार्डनचे ३६: भांडण मिटत का नाही?

आजचा विषय थेट हॉस्टेलच्या मेसमधून आलाय. तिथे दोन गट होते, एक जॉर्डनवाला, एक हार्डनवाला. मी जॉर्डनवाला. १९८६-८७ च्या सीझनला मायकेल जॉर्डन, मॅचमागे ३७.१ पॉइंट. २०१८-१९ ला जेम्स हार्डन, ३६.१. विषय संपला!

संपला कुठे? त्या अख्ख्या सीझनमध्ये जॉर्डनचे थ्री-पॉइंटर होते फक्त १२. हार्डनचे ३७८. एनबीएमध्ये तीन पॉइंटची रेषा १९७९ मध्येच आली होती, पण तिच्या भरवशावर अख्खा खेळ रचायची सवय तेव्हा नव्हती. मग मी हार्डनचा प्रत्येक थ्री दोनचा धरला. ३७८ पॉइंट कमी, ७८ मॅच, उरले साधारण ३१. खूश झालो! पण हिशेबच चुकला होता. लांबून मारून दोनच मिळणार असते, तर तो गडी तिथून इतके शॉट घेईलच कशाला?

आमच्या गटाचा लाडका डायलॉग म्हणजे, "तेव्हा डिफेंडर हात लावून अडवायचे, आज जॉर्डन ४५ मारेल." अर्धं खरंय. हात लावण्यावर लीग खरी कडक झाली २००४-०५ पासून. पण जॉर्डनच्या त्या सीझनला झोन डिफेन्सला बंदी होती. आपला माणूस सोडून आधीच बास्केटजवळ वाट अडवून उभं राहता यायचं नाही. ही बंदी उठली २००१ मध्ये. म्हणजे एक नियम त्याच्या विरोधात, दुसरा त्याच्या बाजूने. हा दुसरा मी मेसमध्ये कधी काढला नाही, कबूल!

आणि विल्ट चेंबरलेन? १९६१-६२ ला ५०.४! २ मार्च १९६२ ला तर एका मॅचमध्ये १००, तेही थ्रीची रेषा नसताना. पण तेव्हा टीम मॅचमागे जवळपास १०८ शॉट घ्यायच्या, हार्डनच्या सीझनला ८९. पुढे १९६४ मध्ये लीगने बास्केटसमोरचा पट्टा १२ फुटांवरून १६ फूट केला, विल्टसारख्यांना लांब ठेवायला.

म्हणून आता मी दुसरंच मोजतो. त्या सीझनला सरासरी टीम जितके पॉइंट करायची, त्याच्या किती टक्के या एकट्याने केले? हार्डन ३२, जॉर्डन ३४, विल्ट ४२. अर्थात विल्ट जवळजवळ प्रत्येक मॅच पूर्ण खेळायचा, बेंचवर बसायचाच नाही. त्यामुळे मेसमधला तिसरा गट आता कमेंटमध्ये उघडणार, दिसतंयच मला.