येऊ नका म्हणणारं लेस्टर



आपल्या निम्म्या घरांत तरी आता एक मूल बाहेरदेशी आहे, नाहीतर जायच्या तयारीत आहे. माझ्या धाकट्या जावेची मुलगी सध्या इंग्लंडमधल्या शहरांची तुलना करत बसली आहे. तिने तक्ता केलाय: घरभाडं, बसचा पास, वीज, किराणा. मी स्वतः बी.कॉम., त्यामुळे तक्त्यांचं मला कौतुकच. पण तिच्या यादीत लेस्टरचं नाव दिसलं आणि मला वाटलं, या शहराची गोष्ट तुम्हा सगळ्यांना सांगावी. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी गुजराती आणि जैन घरांनी स्वस्त शहर कोणतं याचा जो हिशेब केला, तो या लेस्टरमध्येच उतरला. (नकाशात स्पेलिंग बघून बऱ्याच जणी लायसेस्टर वाचतात. उच्चार लेस्टर.)

ही मंडळी थेट भारतातून गेली नव्हती. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासा बंदरापासून आत सरोवरापर्यंत रेल्वे बांधली, त्यासाठी हिंदुस्थानातून मजूर नेले. मजुरांच्या मागोमाग दुकानदार गेले. त्यांत जामनगरच्या आसपासच्या खेड्यांतले हालारी ओसवाल जैन बरेच होते. नैरोबी, मोंबासा, कंपाला इथे त्यांनी दुकानं थाटली, शाळा काढल्या, देरासरं बांधली. दोन पिढ्या अशा गेल्या. मग १९६३ च्या डिसेंबरात केनिया स्वतंत्र झाला. भारतीयांना नागरिकत्वासाठी अर्ज करायला दोन वर्षं मिळाली आणि पुष्कळांनी हातातला ब्रिटिश पासपोर्टच ठेवला. १९६७ मध्ये केनियाने परदेशी नागरिकांच्या नोकऱ्या आणि दुकानांच्या परवान्यांवर बंधनं आणली. लोक ब्रिटनकडे निघाले, तेव्हा ब्रिटिश सरकारने १९६८ च्या मार्चमध्ये घाईघाईने कायदा करून आपल्याच पासपोर्टवाल्यांना दार लावून घेतलं. ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा ब्रिटनचे नाहीत, त्यांच्यासाठी वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांपुरते परवाने.

म्हणजे कायदा होण्याआधी पोचण्याची घाई, हातात मर्यादित पैसा, आणि उतरायचं लंडनच्या विमानतळावर. पुढे कुठे?

आमच्या इमारतीत एक वृद्ध गुजराती बाई राहायच्या, सगळे त्यांना मोटीबेन म्हणायचे. त्यांची थोरली बहीण नैरोबीहून १९६८ च्या फेब्रुवारीत लेस्टरला गेली. मोटीबेन सांगायच्या, आधी दोन आठवडे ते लोक लंडनमध्ये नातलगांकडे राहिले. तिथे नोकरी मिळत होती, पण सहा माणसांना एकच भाड्याची खोली, आणि घरमालकाची अट की स्वयंपाकघर संध्याकाळी सातनंतर वापरायचं. जैन घरात सातनंतर स्वयंपाक! डिसेंबरात तिकडे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, हे तुम्हाला माहीत असेल. चोविहार पाळणाऱ्या बाईला चूल स्वतःच्या हातात असणं ही चैन नसते. म्हणून स्वतःचं घर, कितीही लहान असो, पण स्वतःचं, ही त्यांची पहिली अट होती.

लंडनच्या उत्तरेला शंभर मैलांवरच्या लेस्टरमध्ये ती अट बसत होती. तिथे बेलग्रेव्ह आणि हायफील्ड्स या भागांत एकोणिसाव्या शतकात कामगारांसाठी बांधलेली घरं रांगेने उभी होती. एकाला एक भिंत लागलेली, खाली दोन खोल्या, वर दोन, दार थेट फुटपाथवर, आणि पुष्कळ घरांत संडास मागच्या अंगणात. आपल्या चाळीची इंग्लिश बहीण म्हणा. इंग्रज कुटुंबं शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत चालली होती. जुन्या वस्तीतला काही भाग पालिका पाडणार अशी बोली होती, त्यामुळे ती घरं कोणाला नको होती आणि भाव उतरले होते. अशा जुन्या घरांवर कर्ज द्यायला तिकडच्या गृहकर्ज संस्था नाखूश असत. मग दोन भाऊ, एक मेहुणा असे तिघे मिळून पैसे घालायचे, एक घर घ्यायचे, त्यात सगळे राहायचे, आणि ते फिटत आलं की दुसरं. मोटीबेनच्या बहिणीकडे एका घरात तीन जावा आणि एक चूल होती. त्यात भांडणं झाली नसतील असं मी म्हणणार नाही.

पुढे १९७१ ते ७३ मध्ये ब्रिटनभर घरांचे भाव भडकले. आधी आलेल्यांची घरं त्यातून वाचली.

पण नुसतं स्वस्त घर पाहून हे लोक गेले असं समजाल तर निम्मा हिशेब सुटेल. स्वस्त घरं उत्तर इंग्लंडच्या कितीतरी गावांत होती. लेस्टरचं वेगळेपण त्याच्या कारखान्यांत होतं. हे होजिअरीचं आणि बुटांचं शहर. मोजे, बनियन, स्वेटर. आपल्या इचलकरंजीत जसा प्रत्येक गल्लीत मागाचा आवाज, तसा तिथे विणाईच्या यंत्रांचा. कोरा नावाची तिथली मोठी कंपनी मार्क्स अँड स्पेन्सरसाठी माल करायची. आणि या धंद्यात शिवणकाम, ओव्हरलॉक, तपासणी, घडी-पॅकिंग ही सगळी कामं बायकांची. लेस्टरचे लोक अजून अभिमानाने सांगतात की १९३० च्या दशकात आपलं शहर युरोपातल्या सर्वांत श्रीमंत शहरांत मोजलं जायचं. त्यामागे जादू नव्हती. घरटी एकाऐवजी दोन पगार येत होते, नवऱ्याचा आणि बायकोचा. हे भारतीय तिथे पोचायच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

तक्त्यात खर्चाच्या सगळ्या ओळी असतात, पण घरातल्या दुसऱ्या माणसाला तिथे काम मिळेल का, ही ओळ सहसा नसते. नैरोबीत ज्या बायका दुकानाच्या मागे घर सांभाळत होत्या, त्या लेस्टरमध्ये आयुष्यात पहिल्यांदा पगाराचं पाकीट घेऊन घरी आल्या. नवरा रात्रपाळीला, बायको दिवसपाळीला, मुलांकडे सासूबाई. काही जणी घरीच शिलाई मशीन ठेवून नगावर कपडे शिवायच्या. एका पगारात खाणं, दुसऱ्यात घराचा हप्ता. मोटीबेनची बहीण हिवाळ्यात कारखान्याच्या दुपारच्या सुट्टीतच डबा खाऊन घ्यायची आणि घरी आल्यावर काही नाही. उन्हाळ्यात उलटं, साडेनऊपर्यंत उजेड, तेव्हा जेवायची घाई नाही. कांदा-बटाटा नसलेली भाजी डब्यात पाहून सोबतच्या इंग्रज बाया विचारायच्या, डॉक्टरने सांगितलंय का?

मग १९७२ आलं. ४ ऑगस्टला युगांडाच्या इदी अमीनने जाहीर केलं की ब्रिटिश पासपोर्टच्या आशियाई लोकांनी ९० दिवसांत देश सोडावा. मुदत ८ नोव्हेंबर. पिढ्यानपिढ्यांची दुकानं, गिरण्या, घरं जागच्या जागी सोडायची, आणि सोबत न्यायचे कुटुंबामागे पन्नासेक पौंड. सुमारे २८ हजार लोक ब्रिटनला पोचले. त्यांना आधी लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत ठेवलं. यासाठी सरकारने जे मंडळ नेमलं, त्याने देशाचे लाल आणि हिरवे असे भाग पाडले. हिरव्या भागात जा, लाल भागात आधीच गर्दी आहे, तिथे जाऊ नका. लंडनचे काही भाग लाल होते आणि लेस्टरही लाल होतं.

लेस्टरची पालिका तर एक पाऊल पुढे गेली. १५ सप्टेंबर १९७२ ला तिने कंपालाच्या ‘युगांडा आर्गस’ या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. मतलब असा: घरांसाठी हजारो कुटुंबं आधीच रांगेत आहेत, शेकडो मुलांना शाळेत जागा नाही, दवाखाने आणि इतर सेवांवर ताण आहे, तेव्हा तुमच्या भल्यासाठी सांगतो, लेस्टरला येऊ नका.

आता मला सांगा, घर गमावलेल्या बाईने ही जाहिरात कशी वाचली असेल? एक तर, ज्या शहराचं नावही काहींनी ऐकलं नव्हतं ते सगळ्यांच्या तोंडी झालं. दुसरं, तिथे इतके आपले लोक पोचलेत की पालिका घाबरली आहे, हेही त्यातून कळलं. पालिकेच्या घरांची रांग लांब होती हे खरंच होतं, पण यांना त्या रांगेत उभं राहायचंच नव्हतं. यांना दिराच्या, मामेभावाच्या घरातली वरची खोली हवी होती आणि पुढच्या सोमवारपासून कारखान्यात काम. हिरव्या भागातल्या एखाद्या सुंदर गावात पालिकेचं घर मिळालंही असतं, पण तिथे ओळखीचं कोण? मुलाला ताप आला तर कोणाचं दार वाजवायचं? हजारो लोक जाहिरातीला न जुमानता लेस्टरला गेले. मंडळाला सल्ला देता येत होता, अडवता येत नव्हतं.

किंमत मात्र द्यावी लागली, आणि ती घरभाड्यात धरता येत नाही. १९७४ च्या मे महिन्यात लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर कारखान्यात आशियाई कामगारांनी संप केला. बोनसचा हिशेब खोटा आहे आणि गोऱ्यांना एक न्याय, आम्हाला दुसरा, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या स्वतःच्या युनियननेही साथ दिली नाही. संप तीन महिन्यांवर चालला आणि पुढच्या वर्षी कारखानाच बंद झाला. १९७६ च्या पालिका निवडणुकीत ‘यांना परत पाठवा’ म्हणणाऱ्या नॅशनल फ्रंट पक्षाला तिथे सुमारे १८ टक्के मतं पडली. म्हणजे रस्त्याने जाताना समोरून येणाऱ्या दर पाच-सहा मतदारांतला एक जण तुम्हाला नको म्हणून मत देऊन आलेला. शाळेतून येणाऱ्या मुलांना एकटं सोडायचं नाही असा नियम मोटीबेनच्या बहिणीच्या गल्लीत होता.

आणखी एक गोष्ट जावेच्या मुलीला मी मुद्दाम सांगितली. घर स्वस्त असतं तिथे मजुरीही बहुधा स्वस्त असते. १९८० नंतर होजिअरीचे मोठे कारखाने एकेक करून बंद पडले, मागे लहान शिलाईखाने उरले. त्यांतल्या काहींत कामगारांना कायद्याने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळतात, हे २०२० मध्ये ब्रिटनभर गाजलं. राबणाऱ्यांत आपल्या देशातून गेलेल्या बायका होत्या. पहिल्या पिढीने दोन पगारांवर घरं उभी केली म्हणून ते पगार चांगले होते असं नाही.

तरीही बेलग्रेव्हची ती घरं पडली नाहीत. सत्तरच्या दशकात पालिकेने पाडापाडीऐवजी दुरुस्तीचं धोरण धरलं, अनुदानं मिळाली, अंगणातले संडास घरात आले. बेलग्रेव्ह रस्त्यावर साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची दुकानं लागली आणि त्याच पालिकेच्या मदतीने तिथे दिवाळीची रोषणाई होऊ लागली. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरमधले आशियाई ४३ टक्के आणि गोरे ४१ टक्के निघाले.

आता आपल्या जिव्हाळ्याचं. तिथल्या जैनांनी १९७३ मध्ये समाजाची संस्था काढली. मंदिर बांधायला जमीन घेणं झेपणारं नव्हतं. १९७९ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं एक जुनं चर्च विकत घेतलं, तेही घरांसारखंच: दुसऱ्यांनी सोडलेलं, म्हणून परवडलेलं. पेशाने डॉक्टर असलेले नटूभाई शहा यांनी पुढाकार घेतला. भारतात कोरलेले दगडी खांब बोटीने नेऊन आत उभे केले, बाहेर पांढरा संगमरवर चढवला आणि १९८८ च्या जुलैमध्ये प्रतिष्ठा झाली. मूळनायक शांतिनाथ भगवान.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती आतली मांडणी. एकाच छपराखाली श्वेतांबर देरासर, आपल्या दिगंबरांचं मंदिर, स्थानकवासींचा उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्रांचं ज्ञानमंदिर. इथे आपण तीर्थांच्या मालकीवरून कोर्टात पिढ्या घालवल्या. तिथे प्रत्येक पंथाला वेगळी इमारत परवडत नव्हती, म्हणून सगळे एकत्र बसले आणि पुढे तीच सवय झाली. तत्त्वज्ञानाने झालं असतं का, मला शंका आहे. पर्युषण संपलं की त्याच इमारतीत दशलक्षण सुरू होतं आणि स्वयंपाकघर एकच.

चर्चच्या खिडक्यांना जशा रंगीत काचा असतात तशा तिथेही आहेत, फक्त त्यांत भगवान महावीरांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. द मॉन्टफर्ट विद्यापीठ तिथून अगदी जवळ. तुमची मुलं तिकडे शिकत असतील तर त्यांना दर्शनाला जायला सांगा, आणि जाताना चामड्याची पर्स-पट्टा खोलीवरच ठेवायला.