तळटीप १२ : रिकाम्या घराचा कौन्सिल टॅक्स

१२. इंग्लंडमध्ये हा कर बदनाम पोल टॅक्सच्या जागी १ एप्रिल १९९३पासून आला. आपल्याकडच्या घरपट्टीसारखा तो थेट मालकाच्या नावावर लागत नाही. साधारणपणे जो घरात राहतो, त्यानेच तो भरायचा. घर रिकामं झालं की बिल मालकाकडे वळतं. मेख आहे ती करारात. सहा महिने किंवा अधिक मुदतीच्या करारातून भाडेकरू आधीच निघून गेला, तर पत्रलेखकाच्या काळातल्या नियमाने उरलेल्या मुदतीचा कर त्याच्याच माथी बसे. पत्रलेखकाचा भाडेकरू मुदत संपवूनच गेला होता. तेव्हा ‘कौन्सिलने लुबाडलं’ ही त्यांची तक्रार टिकत नाही. – संपा.