कागदाकडून काचेकडे

अधिक सूक्ष्म चित्र देणाऱ्या यंत्राची ओढ हौशी छायाचित्रकारास आजच लागली आहे असे नव्हे. २०१२ साली निकॉन कंपनीचा डी ८०० हा तीन कोटी त्रेसष्ट लाख बिंदूंचा कॅमेरा बाजारात आला. तो मोठ्या हौसेने घेणाऱ्यांस अनुभव आला तो असा की, बिंदू वाढले म्हणजे भिंगाचे दोष व हाताचा कंपही तितक्याच स्पष्टपणे उमटतो. हाच प्रसंग त्यांच्या पूर्वसूरींवर १८५१ सालीच आला होता, आणि तो याहून पुष्कळ कठीण होता.

१८३९ साली जाहीर झालेल्या दागेरच्या रीतीत चांदीचा मुलामा दिलेल्या ताम्रपटावर चित्र उमटे. ते अत्यंत रेखीव खरे, पण त्याची प्रत निघत नसे. इंग्लंडात टॅल्बटने १८४१ साली जिचे पेटंट घेतले, त्या रीतीत कागदावरील एका उलट्या चित्रावरून हव्या तितक्या प्रती काढता येत. मात्र कागदाचे तंतूही प्रतीत उतरत, आणि भिंतीचे चिरे काय, झाडाची पाने काय, सर्वांच्या कडा विरून जात. हे दोन्ही उणेपण फ्रेडरिक स्कॉट आर्चर या लंडनच्या शिल्पकाराने दूर केले. कलोडियनचा पातळ थर दिलेली काच वापरण्याची कृती त्याने मार्च १८५१ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिचे पेटंटही घेतले नाही.

पण ही काच ओली असेतोच सर्व उरकावे लागे! थर देणे, रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडविणे, चित्र घेणे व ते धुऊन काढणे हा सारा खटाटोप काही मिनिटांचा. म्हणून देखावा टिपावयास निघालेल्या गृहस्थाबरोबर काळोखा तंबू, बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या यांचे बिऱ्हाडच निघे. त्यात आपल्याकडचा उन्हाळा! कलोडियनमधील ईथर पाहता पाहता उडून जाई.

१८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळात होते. त्या काळच्या आपल्या देशातील हौशी मंडळींपुढे काच की कागद हा प्रश्न उभाच असे. आग्र्याचे डॉ. जॉन मरे यांनी ताजमहालाची भव्य चित्रे कागदावरच घेतली. याला जुनाटपणा म्हणणे अन्यायाचे होईल. मेण दिलेला कागद घरी आधी तयार करून नेता येई, आणि परत आल्यावर सवडीने धुता येई. प्रवासी माणसास ही सोय सूक्ष्मतेहून मोलाची वाटली यात नवल ते काय?

खुद्द लंडनमध्येही सर्वांस सूक्ष्मता प्रिय नव्हती. १८५३ साली तेथील छायाचित्रण-संस्थेपुढे सर विल्यम न्यूटन यांनी, कलेच्या दृष्टीने चित्र किंचित अस्पष्ट असलेले बरे, असे मत मांडले. हे गृहस्थ स्वतः लघुचित्रकार, म्हणजे केसागणिक रेघ ओढणारे! सभासदांत यावरून बराच वाद माजला.

अखेर काचच जिंकली, पण आर्चरच्या हाती काही लागले नाही. १८५७ साली तो वारला, तेव्हा त्याच्या कुटुंबासाठी वर्गणी जमवावी लागली. पुढे ईथरच्या वाफांनी प्रकृती बिघडलेल्या डॉ. रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ साली कलोडियनऐवजी जिलेटिन वापरण्याची कल्पना मांडली. तीत इतरांनी सुधारणा केल्या, त्या दशकाच्या अखेरीस तयार कोरड्या काचा दुकानात मिळू लागल्या, आणि तो काळोखा तंबू घरी राहिला.