चेतक जुना, चेतक नवा

परवा नातवाने दारात इलेक्ट्रिक चेतक आणून उभा केला. तो कधी आला ते कळलंच नाही. पूर्वी सेलूत आमच्या गल्लीत चेतक शिरला, की पोरं, कुत्री आणि उधारीवाले अशा तिघांनाही आधीच वर्दी मिळत असे.

मूळ चेतक राणा प्रतापाचा. तो १५७६ साली हळदीघाटात पडला. दुसरा १९७२ साली पुण्याजवळ आकुर्डीला जन्मला. इटलीच्या वेस्पाचा हा भाऊबंद. तिकडचा करार १९७१ साली संपला, तेव्हा बजाजने नव्या गाडीचं बारसं करून तिला घोड्याचं नाव ठेवलं. १४५ सीसीचं इंजिन उजव्या कुशीला, म्हणजे वजन जन्मापासूनच एका अंगाला. सकाळी चालू होईना की आधी गाडी कलती करायची, मग किक. वकील, डॉक्टर, मास्तर, सगळे स्कूटरपुढे असे वाकत, की बाबासाहेब महाराजांच्या देवळातही तेवढे वाकत नसतील.

तरी लोक तिच्यासाठी आठ-आठ, दहा-दहा वर्षं थांबत. कारखान्याने किती गाड्या काढायच्या, हे तेव्हा दिल्ली ठरवी! आमच्या अण्णांनी नंबर लावला तेव्हा ताई परकरात होती. नंबर आला तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं. वरपक्षाने काहीएक मागितलं नाही. फक्त 'चेतक आला म्हणे' एवढंच सहज विचारलं. सहज विचारणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून धास्ती आहे.

गाडी परभणीहून आणली. आईने ओवाळली. अण्णा तिच्यावर एकदाच बसले, घर ते स्टेशन आणि परत. सगळा प्रवास दुसऱ्या गिअरमध्ये. मग गाडी ताईबरोबर सासरी गेली आणि अण्णा शेवटपर्यंत सायकलवर मोंढ्यात जात राहिले. कुणी विचारलंच तर म्हणत, "पेट्रोलमध्ये ऑइल घाला, प्लग पुसा... कोण करत बसतं?"

पुढे २००९ साली बजाजने स्कूटर बनवणंच सोडायचं जाहीर केलं. चेतक परतला तो थेट जानेवारी २०२० मध्ये, लाखाला, विजेवर. अंग मात्र जुन्यासारखंच पत्र्याचं. दहा इंची चाकं बारा इंची झाली. गिअर, क्लच, किक सगळं गेलं आणि मागे जायची सोय आली. तीन युनिट विजेत ९५ किलोमीटर, 'स्पोर्ट' नावाच्या चालीत ८५. पूर्ण भरायला पाच तास. आता सेलूत सलग पाच तास वीज म्हणजे... असो, पूर्वी दहा वर्षं थांबतच होतो की.

"आजोबा, बसा मागं. स्पोर्टवर टाकतो," नातू म्हणाला.

बसलो. आवाज नाही, धूर नाही, कलतं करणं नाही. मोंढा मागे पडला, स्टेशन दिसू लागलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जरा हळू घे रे. अण्णांना ही फेरी पाऊण तास पुरली होती."