विसाव्यासाठी बचत



आपल्या गटातून आपण कर्ज कशासाठी काढतो? बियाणं, शेळी, मुलांची फी, दवाखाना. विसाव्यासाठी कुणी पैसे मागितल्याचं आम्हाला तरी आठवत नाही. म्हणून आज इंग्लंडमधल्या गिरणी कामगारांची एक जुनी गोष्ट सांगतो.

काळ व्हिक्टोरिया राणीचा. लँकेशायर भागात गावोगाव कापडगिरण्या होत्या. एके काळी आपल्या वऱ्हाडातला कापूसही बोटीने तिकडे जायचा. तिथे मागांवर हजारो बायका राबत. वर्षातून एकदा गावातल्या सगळ्या गिरण्या आठवडाभर बंद राहत, पण त्या दिवसांची मजुरी मिळत नसे. मग कामगारांनी मंडळं काढली. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकायचे आणि सुट्टी लागली की वाटून घ्यायचे. आपली भिशीच म्हणा ना! ते पैसे घेऊन बरेच जण ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी जात. वर्षभराची बचत चार दिवसांत उडून जाई.

कोल्न गावातले धर्मगुरू टी. ए. लेनर्ड यांना हे खटकत होतं. 1891 च्या जूनमध्ये ते तीसेक जणांना घेऊन अँबलसाइडला गेले. डोंगर आणि तळ्यांचा तो मुलूख. सगळे एकाच घरात उतरले, दिवसा डोंगर चढले, संध्याकाळी एकत्र बसले. पहिल्या खेपेला सगळे पुरुषच होते. पुढच्या सहलींना मात्र बायकाही येऊ लागल्या.

यातूनच 'को-ऑपरेटिव्ह हॉलिडेज असोसिएशन' ही संस्था उभी राहिली. तिने ठिकठिकाणी मोठी घरं घेतली. एरवी अशा बड्या घरात गरीब बाई पाऊल टाकायची ती मोलकरीण म्हणून. पहाटे उठून चुली पेटवायच्या, पाणी वाहायचं. आता तशाच घरात कष्टकरी बाई पाहुणी म्हणून राहू शकत होती. जेवण साधं, राहणी साधी, म्हणून खर्चही बेताचा. एकट्या बाईने परगावी मुक्काम करणं लोकांना खपत नसे. सोबत गट असला की तीही वाट मोकळी व्हायची.

पुढे एक अडचण आली. संस्था वाढली तसा तिचा फायदा बऱ्या स्थितीतल्या लोकांना जास्त होऊ लागला. लेनर्ड यांना ते पटेना. 1913 मध्ये त्यांनी 'हॉलिडे फेलोशिप' ही दुसरी संस्था सुरू केली. ती आजही सभासदांच्या मालकीची सहकारी संस्था आहे आणि अशी घरं चालवते. पगारी सुट्टीचा कायदा मात्र इंग्लंडमध्ये 1938 साली आला. तोवर बहुतेक कामगारांना स्वतःच्या बचतीचाच आधार होता.

मैत्रिणींनो, आपणही सहलीला जातो, बहुतेक वेळा देवदर्शनाला. पण निघायच्या दिवशी पहाटे तीनला उठून सगळ्यांच्या दशम्या आपणच करतो. परत आलो की भांड्यांचा ढीग आपलीच वाट बघत असतो. मग विसावा झाला कुणाचा?

म्हणून पुढच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवूया. महिन्याला दहा रुपये का होईना, विसाव्यासाठी वेगळे टाकूया आणि रजिस्टरात त्याचा रकाना आखूया. दुसरं, सहलीला जाताना ज्या बाईला दहा रुपयेही जड जातात, तिचं नाव यादीत सगळ्यात आधी लिहूया.